गुणाजीचे खांदे

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच तोंड उघडतो. बघा, आत्ताच हसलात! तो कप खाली ठेवा बघू. हसता हसता शर्टावर सांडाल आणि नवा शिवायला माझ्याच दुकानात याल. आणि मी शिवलेलं कोणाला बसेल याची खात्री आता माझी मलाच राहिलेली नाही.

धारगळला हमरस्त्याला लागून माझं शिलाईचं दुकान आहे. बावीस वर्षं पुरुषांचे कपडे शिवले. पँट, शर्ट, शाळेचे गणवेश, नवरदेवांचे सूट, एकदा तर अख्ख्या बँडपथकाचे लाल कोट. माणूस दारातून आत येताना नुसता बघायचा आणि कमरेचं माप सांगायचं, इतका हात बसलेला! पण बाईमाणसाचा कपडा? नाव नको. आमच्याकडच्या बायका जुनं मापाचं झंपर पिशवीत घालून बाई टेलरकडे जातात. माझ्या टेपने कधी बाईचं माप घेतलं नाही. बायकोचंसुद्धा नाही, शपथ!

मग हा शहाणपणा सुचला कुठून? तर बाजारात तयार कपडे आले आणि माझ्याकडे लोक येऊ लागले ते फक्त पँटची लांबी कमी करायला. त्यात पणजीला एक वर्ग निघाला. जुन्या हातमागाच्या कापडातून नव्या फॅशनचे कपडे करायला शिकवणार. शनिवार-रविवार, तीन महिने. मी नाव घातलं. वर्गात चौदा पोरी आणि पंधरावा मी. पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "काका, मुलीला सोडायला आलात का?"

तिथल्या बाई फार छान शिकवायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "कपडा उभ्या बाईसाठी कापू नका. चालणाऱ्या बाईसाठी कापा." मी ते वाक्य वहीत लिहिलं आणि भोवती चौकट काढली. झालं! डोक्यात हवा गेली. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी विचारू लागलो, "पँटचं सिल्हूट कसां व्हयां?" तो बिचारा म्हणायचा, "खिसो खोल दवर रे, मोबायल पडता."

कापडाची मात्र मला चिंता नव्हती. माझी सुमतीमावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, इब्रामपूरला असते. तिच्या पडवीत माग आहे. त्यावर ती लाल चौकडीचं कुणबी लुगडं विणते, एकटी, हाताने. पण लुगडी नेसणाऱ्या बायका आता उरल्यात किती? तिचा मुलगा पांडुरंग त्या मागाला वैतागला होता. पडवी बंद करून त्याला खोली काढायची होती. कोल्हापूर-बेळगावकडून कामाला येणाऱ्यांना जागा लागतेच, भाड्याने गेली असती. त्याने आईला बजावलं होतं, "आये, चवथीपर्यंत बघतंय. मागीर माग सोडून माळ्यार टाकतलंय."

मावशीने मागाच्या लाकडावरून नुसता हात फिरवला. मला ते बघवलं नाही, खरंच सांगतो. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मावशे, भिया नको. तुज्या कापडाची फॅशन करतंय!"

पणजीत नीलिमा मॅडमचं हातमागाच्या कपड्यांचं दुकान आहे. वर्गातल्या बाईंनीच ओळख करून दिली. मॅडमना कापड बेहद्द आवडलं. म्हणाल्या, "एक नमुना शिवा. कोणाच्या तरी अंगावर घालून, चालतानाचा व्हिडिओ पाठवा. पसंत पडला तर वीस ड्रेस घेईन. ते विकले गेले तर दर महिन्याला तुमच्या मावशींचं कापड माझं."

म्हणजे बघा, मावशीचा माग राहणार की माळ्यावर जाणार, ते या वीस ड्रेसवर येऊन ठेपलं. आणि ते वीस ड्रेस माझ्यावर!

आता माप कोणाचं घ्यायचं? माझी बायको शोभा म्हणाली, "मी उबी रवतंय. घेवा माजां माप."

इथे मी गप्प बसलो असतो तर आज तुम्हाला नुसताच चहा प्यावा लागला असता. पण तीन महिन्यांचं शिक्षण आतून धडका देत होतं. मी म्हणालो, "अगो, तू चलणस खंय? तू धावतंस. माका चाल व्हयी. डौल व्हयो!"

शोभाने हातातली पळी खाली ठेवली. "डौल?"

"डौल."

"बरां तर. आज तुमकां जेवाण डौलच वाडतलो."

त्या दिवशी दुपारी मी पदेराकडचे दोन पाव आणून पाण्यासारख्या चहात बुडवून खाल्ले. पण कलावंताला थोडं सोसावं लागतं, अशी मनाची समजूत घातली. आणि डौलदार बाई कोण, याचा विचार करू लागलो.

फार विचार करावा लागलाच नाही. आमच्या पेडणे तालुक्यात डौलदार बाई म्हटली की कोणाच्याही डोळ्यांपुढे एकच उभी राहते. गुणाजी!

असे बघू नका. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? गुणाजी दिवसा माडांवर चढून नारळ पाडतो आणि जत्रेत राणी होतो. त्याची राणी एकदा का पुढे आली की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यासुद्धा आपला पदर सारखा करतात. तो रुसला तर बायका डोळे पुसतात. अंबाड्यात अबोली कशी माळायची ते आमच्या कितीतरी सुना त्याच्याकडून शिकल्या. मी तर लहानपणापासून बाईचं चालणं, वळणं, लाजणं सगळं दशावतारातच बघितलं. म्हणजे पुरुषांकडून. पण हे कधी लक्षात आलं? फार उशिरा.

गुणाजी एका पायावर तयार झाला. "माप व्हयां? घे मरे. पण कापूस बांदूक सांगू नको, गरमी जाता."

म्हणजे राणी होताना तो अंगावर जिथे जिथे कापूस बांधतो, तो बांधणार नाही म्हणाला. मी म्हटलं, नको तर नको. टेप त्याच्या खांद्यावर टाकला आणि काय सांगू, हाताला इतकं ओळखीचं वाटलं! आकडे भराभर येत गेले. खांदे, छाती, कंबर, एकदाही टेप अडला नाही. मला वाटलं, लोक उगीच म्हणतात बायकांचं माप कठीण. माझा तर पहिल्याच दिवशी हात बसला!

बायकांच्या कपड्याला छातीच्या गोलाईसाठी पुढून टक्स मारतात, हे वर्गात शिकलो होतो. इथे मारायचे कुठे? मी वहीत लिहिलं, "सरळ रेषा. आधुनिक." आणि त्याच्याभोवतीही चौकट काढली.

ड्रेस असा केला: गुडघ्यापर्यंत लांब, पुढून उघडा, कॉलर नाही, लुगड्याचा काठ खालच्या बाजूला फिरवलेला, आणि करवंटीची बुतांवं, म्हणजे बटणं. दिसायला सुरेख, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. शोभाने तो उलटापालटा करून बघितला.

"अवो, बुतांवां उजव्या बाजूक कित्याक? ती पुरुषांची बाजू. बायलांची डाव्या बाजूक आसतत."

सवय हो! बावीस वर्षांचा हात आपोआप तिकडेच गेला होता. पण आता कबूल कसं करायचं? मी म्हणालो, "फॅशन."

मावशीने बघितला. "बाबल्या, खांदे मातशे रुंद नाय दिसणत?"

"फॅशन, मावशे."

"आनी कमरेक दाटतलां ना रे?"

"फॅशन!"

मावशीने बिचारीने ड्रेसची घडी घातली. जो माणूस तीन महिने पणजीला जाऊन शिकून आलाय, त्याच्यापुढे ती काय बोलणार? असा एक शब्द हाताशी असला की माणसाला दुसरं काही ऐकूच येत नाही.

व्हिडिओ मावशीच्याच अंगणात काढला. गुणाजीने अंबाडा घातला, अबोली माळली, ड्रेस चढवला आणि तुळशीपासून मागापर्यंत चालत गेला. पाठमोरा. मीच तसं सांगितलं होतं, कारण वर्गात सांगितलं होतं की चेहरा दिसला की लोक कपडा बघत नाहीत. अहो, काय तो चालला! लाल चौकडी पाठीवर नुसती खेळत होती. पांडुरंग मोटरसायकल पुसत होता, तो फडकं हातात धरून तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पाठवला आणि पाच मिनिटांत मॅडमचा फोन. "कोण आहे ही? काय चाल आहे! आणि काय बसलाय ड्रेस तिला!"

"आमच्याच गावचं माणूस," मी म्हणालो. "नाटकात काम असतं."

आता यात खोटं काय होतं, तुम्हीच सांगा.

"मला बोलायचंय तिच्याशी. जोडा फोन."

त्या वेळी गुणाजी कोणाच्या तरी कुळागरात माडावर होता. तरी जोडला. शेंड्यावरून त्याने फोन घेतला आणि जरासाही न गोंधळता राणीचा आवाज काढला.

"प्रणाम, बाईसाहेब. आपली कृपादृष्टी अशीच असो द्यावी."

मॅडम विरघळल्याच. "किती गोड बोलता हो तुम्ही! आमच्या दुकानात याल ना ड्रेस मांडू त्या दिवशी?"

"अवश्य येऊ, बाईस..." आणि धप्प!

"अगंबाई, काय पडलं?"

"नारळ, बाईसाहेब."

"किती छान! तुमच्या आजूबाजूला सगळा निसर्ग आहे."

"आजूबाजूला नाही, बाईसाहेब. खाली आहे."

मी घाईघाईने फोन तोडला. पण वीस ड्रेसचं काम मिळालं! चार आकारांत, प्रत्येकी पाच. लहान, मध्यम, मोठा, अगदी मोठा. वर्गात शिकवल्याप्रमाणे मी मूळ मापावरून कमी-जास्त करत गेलो. मूळ माप कोणाचं? गुणाजीचं. म्हणजे लहान ड्रेस हा लहान गुणाजी, आणि अगदी मोठा ड्रेस हा अगदी मोठा गुणाजी. अशा वीस गुणाजींना मी रात्रंदिवस इस्त्री करत होतो आणि स्वतःवर खूश होत होतो.

तिकडे मावशीने मागावरून मान वर केली नाही. एकेक चौकडी अशी विणली की नजर लागावी. चतुर्थी जवळ येत होती. पांडुरंगाने चिरे आणून अंगणात रचून ठेवले होते. मावशी ते चिरे ओलांडून पडवीत जायची आणि मागावर बसायची. मला म्हणाली, "तुज्यार भरवसो आसा रे, झिला." तुम्हाला सांगतो, या एका वाक्यापुढे मी त्या वेळी नीट विचार करायला हवा होता. पण विचार करायला डोकं मोकळं हवं ना! त्यात डौल भरला होता.

दिवस उजाडला. आम्ही चौघं बसने पणजीला गेलो. मी नवा शर्ट घालून, शोभा, मावशी आपल्या सणासुदीच्या लुगड्यात, आणि गुणाजी. तो पँट-शर्टात, चकचकीत दाढी करून. "माज्या मापाचे ड्रेस बायलांच्या आंगार कशे दिसतत ते बघूचे आसत," म्हणाला. त्याला केवढा अभिमान!

दुकान भरलेलं. माझे वीस ड्रेस एका दांडीवर ओळीने लटकत होते आणि वर पाटी, "स्त्रियांसाठी". मॅडमनी मावशीला मानाने कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर बसवलं. सगळ्यांना सांगितलं, "हे कापड या विणतात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने पदर डोक्यावर घेतला.

पहिली एक सडपातळ मुलगी लहान ड्रेस घेऊन आत गेली. तिचा नवरा तिची पर्स सांभाळत बाहेर उभा. बराच वेळ झाला. मग पडदा सरकला. खांद्याची शिवण तिच्या कोपरापाशी आली होती, आणि कमरेखाली ड्रेस असा अडकला होता की तिला पाऊलच टाकता येईना. तुरुतुरु, तुरुतुरु, अशी ती आरशापर्यंत गेली.

"दुसरा नंबर बघा," मी कपाळ पुसत म्हणालो.

मध्यम. खांदा कोपराच्या खाली गेला. मग एक भरलेल्या अंगाच्या काकू अगदी मोठा घेऊन आत गेल्या. आतून आवाज आला, "वर पिशवी आणि खाली नळी! हे शिवलंय कोणी?" मग तिसरी, मग चौथी. प्रत्येकीचं तेच! बुतांवं लावताना प्रत्येकीचे हात चुकत होते. शेवटी मॅडमनी स्वतः एक चढवला. आरशात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मास्टर, दोन आठवडे मी लोकांना सांगतेय, हा कट खास गोव्याच्या बाईसाठी केलाय. कुठल्या बाईसाठी?"

मी दांडीवरचे ड्रेस उगीच सारखे करू लागलो.

"ती व्हिडिओतली मुलगी कुठाय? तिला तर काय सुंदर बसला होता!"

आणि गुणाजी पुढे आला. हात जोडले. माडावर चढून घट्टे पडलेले ते हात. "प्रणाम, बाईसाहेब," म्हणाला, त्याच आवाजात.

मॅडमनी त्याच्या खांद्यांकडे बघितलं, मग स्वतःच्या कोपराशी लोंबणाऱ्या शिवणीकडे बघितलं. "म्हणजे हे..." एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या.

गुणाजीचा चेहरा पडला. मला बाजूला ओढून हळूच विचारतो, "बाबल, म्हंजे माजे खांदे बायलांचे नाय?"

इतकी वर्षं राणी केलेला माणूस, त्याला काय सांगू? मी म्हणालो, "गुणाजी, खांद्यांचां सोड. चाल तुजीच."

पण खरी लाज पुढेच होती. मावशीने एक ड्रेस मांडीवर घेतला होता. बोटांनी चाचपत, उजेडासमोर धरून ती चौकडी न् चौकडी तपासत होती. मग हळूच मला विचारलं, "बाबल्या, माजां विणाप खंय चुकलां काय रे?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तिला वाटलं चूक तिची! मी मोठ्याने, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणालो, "नाय गो मावशे. कापड उत्तम आसा. कापणारो गाढव!"

शोभाने मान हलवली. सहमतीची.

तेवढ्यात मागून आवाज आला. "एक्सक्यूज मी, यातला अजून एक आहे का?"

सगळे वळले. तो पर्सवाला नवरा. बायको आत कपडे बदलत होती, तेवढ्या वेळात कंटाळून त्याने दांडीवरचा मोठा ड्रेस शर्टावरून घातला होता. मोबाइलवर कोणाशी तरी बोलत त्याने न बघता एका हाताने बुतांवं लावली. एक, दोन, तीन, चार, सगळी बरोबर! खांदे जिथे हवेत तिथे. छाती सपाट, कंबर सरळ. असा बसला होता, असा बसला होता की मी बावीस वर्षांत कोणाला बसवला नसेन.

"मस्त आहे हे," तो म्हणाला. "जेंट्स ना?"

मी तोंड उघडलं. शोभाने माझ्या पायावर पाय दिला.

"हय, हय," ती म्हणाली. "जेंट्सच. दुसरो व्हयो?"

त्याची बायको पडद्याआडून बाहेर आली. "अय्या! तुला काय छान दिसतोय!" झालं! बायकोला घेऊन आलेले आणि कोपऱ्यात ताटकळलेले सगळे नवरे दांडीकडे सरकले. एका रिटायर्ड मास्तरांनी अगदी मोठा घातला आणि आरशासमोरून हलेनात. गुणाजीनेही एक चढवला, आणि मग राहवलं नाही म्हणून दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. टाळ्या! त्याच्या मागून दोन पोरांनी त्याच्यासारखं चालायचा प्रयत्न केला. मॅडम उठल्या, "स्त्रियांसाठी" ही पाटी काढली, उलटी केली आणि मागे मार्करने लिहिलं, "पुरुषांसाठी".

आठवड्याभरात वीसही गेले. मॅडमचा फोन आला. दर महिन्याला मावशीचं कापड, कायमचं. मी ते सांगायला इब्रामपूरला गेलो तर मावशी मागावरच होती. ऐकलं आणि हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अरे, बायलांच्या लुगड्याचां कापड पुरुष घालतत? घालूं देत, घालूं देत. मी विणतंय." पांडुरंगाने त्या चिऱ्यांची मागीलदाराला न्हाणी बांधली. माग आहे तिथेच आहे.

आणि मी? पुरुषांच्या शिलाईचं काम उरलं नाही म्हणून तीन महिने शिकायला गेलो. चौदा पोरींत बसून नोट्स काढल्या. आता काय शिवतो? पुरुषांचे कपडे. तेच खांदे, तीच उजव्या बाजूची बुतांवं. फरक एवढाच की आता त्याला डिझाइन म्हणतात.

मॅडमना बायकांसाठीही ड्रेस हवेत. पण त्यांनी अट घातली, आणि ती फोनवर मला सांगितली नाही, शोभाला सांगितली. मापं शोभाने घ्यायची, नमुना शोभाच्या अंगावर बसवायचा. मी फक्त मशीन मारायची. शोभाने पहिला ड्रेस स्वतःच्या मापाचा केला, घातला, आणि हमरस्ता ओलांडून समोरच्या दुकानात साखर आणायला गेली. धावतच गेली, तिच्या सवयीप्रमाणे. ड्रेस कुठे अडला नाही, कुठे लोंबला नाही. लाल चौकडी रस्त्याच्या पलीकडे पोचलीसुद्धा, आणि मी दारात टेप गळ्यात घालून उभा. मला कबूल करायला हवं की माझी बायको चालताना किती चांगली दिसते, हे मला बावीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि मी बघितलंही नव्हतं.

परवा डिचोलीहून एक शिक्षिका आल्या. दारातून विचारलं, "डिझायनर आहेत का?" मी कॉलर नीट केली, उठलो, हसून म्हणालो, "या, या, बसा." त्यांनी माझ्यावरून नजर पुढे नेली आणि शोभाला म्हणाल्या, "तुम्हीच ना? तुमचं फार ऐकलंय."

शोभाने माझ्या गळ्यातला टेप काढून घेतला. "हयच. बसा. अवो, बाईंका च्या करा बगुया."

केला. मन लावून केला. दोन कप पुढे ठेवले. बाईंनी घोट घेतला आणि अति गोडाने डोळे मिटून घेतले. शोभाने आपला कप तोंडाला लावला, तसाच खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं,

"साखर कोणाच्या मापान घातली? गुणाजीच्या?"